मोदकपात्रातलं नऊ थरांचं खनोम चान

लेकीला बढती मिळाली तेव्हा मी खनोम चान केलं. थायलंडमध्ये हा वाफवलेला गोड पदार्थ शुभप्रसंगी करतात. 'चान' म्हणजे थर, आणि हुद्द्याची पायरीसुद्धा. थर नऊ, कारण थाई भाषेत 'नऊ'चा उच्चार 'पाऊल पुढे टाकणे' या शब्दासारखा आहे.

सासूबाईंनी नाशिकच्या भांडी बाजारातून घेतलेल्या मोदकपात्रात माझा सात इंची डबा नेमका बसतो.

अर्धा लिटर नारळाचं दूध, 150 ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ आणि अन्नपूर्णेचं पान (म्हणजे पांदनचं सुगंधी पान, काही जण बासमतीचं म्हणतात) मंद आचेवर गरम करा. साखर विरघळली की गाळून पूर्ण गार होऊ द्या. 125 ग्रॅम टॅपिओका स्टार्च आणि 40 ग्रॅम तांदळाची अगदी बारीक पिठी थोड्या दुधात दहा मिनिटं मळा, मग उरलेलं दूध हळूहळू घाला. साबुदाणा दळून घेऊ नका. तो आधीच अर्धवट शिजवलेला असतो, मिश्रण चिकट आणि कणीदार होतं. नाशिकच्या थंडीत दुधावर तुपासारखे गोळे धरतात. तेव्हा ते जरा कोमट करून घ्या.

मिश्रणाचे दोन भाग करा, रंगीत थोडा जास्त. त्यात कुंपणावरच्या पंधरा निळ्या गोकर्णांचा दोन चमचे गडद अर्क घाला, पांढऱ्यात तेवढंच पाणी.

आता खरं काम. डब्याला तेलाचं बोट फिरवून तो पाच मिनिटं वाफेत तापवा. झाकणाला फडकं बांधाच, नाहीतर थेंब पडून थरावर खड्डे पडतात. दर वेळी मिश्रण तळापासून ढवळून साधारण 75 मिली ओता. स्टार्च तळाशी बसतं, म्हणून ढवळल्याशिवाय ओतू नका. पहिला थर रंगीत, मग पांढरा, असं आलटून पालटून. प्रत्येक थर पाच मिनिटं. पांढुरकेपणा जाऊन चकाकी आली, की पुढचा. पहिल्या खेपेला मी तीन मिनिटांतच ओतत गेले आणि सगळे थर एकमेकांत मिसळले. शेवटचा थर दहा मिनिटं ठेवा.

चार तास बाहेरच गार होऊ द्या. फ्रिजमध्ये ते कडक होतं. तेल लावलेल्या सुरीने कापा. लेकीने मात्र सुरी बाजूला ठेवली आणि एकेक थर सोलून खाल्ला, नवव्यापर्यंत मोजत.