उलटीची गोळी उलटीच्या आधी घ्यायची असते: केमो आणि ऑपरेशननंतर या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला एक काका छत्री मिटत दुकानात आले. ठाण्यात वर्तकनगरच्या एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे, रोज संध्याकाळी काउंटरवर असते, त्यामुळे काका ओळखीचेच. काकूंची दुसरी केमो सोमवारी झाली होती आणि तो गुरुवार होता.

"ताई, सकाळपासून सात-आठ उलट्या झाल्या. पाणीसुद्धा ठरत नाही पोटात. एखादं इंजेक्शन द्या, खालच्या डॉक्टरांकडून टोचून घेतो."

मी विचारलं, "डे केअरमधून गोळ्या दिल्या होत्या ना, त्या चालू आहेत?" काकांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. उलटी रोखणाऱ्या ऑनडान्सेट्रॉनची अख्खी पट्टी तशीच. डेक्सामेथासोनच्या गोळ्याही तशाच. "सोमवारी-मंगळवारी तिला काहीच झालं नाही हो. उगाच कशाला औषधांचा मारा, म्हणून जपून ठेवल्या."

काकूंना त्या रात्री अॅडमिट करून सलाइन लावावं लागलं. काकांनी निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांनी काकूंच्या काळजीपोटीच गोळ्या राखून ठेवल्या होत्या. म्हणूनच हे सगळं नीट लिहावंसं वाटलं.

पहिले दोन दिवस बरे गेले म्हणून गोळी बंद करणं

केमोची उलटी दोन लाटांमध्ये येते. पहिली लाट त्याच दिवशी. औषध शिरेतून गेलं की आतड्याच्या अस्तरातून सेरोटोनिन सुटतं आणि उलटी घडवणाऱ्या मेंदूच्या भागापर्यंत निरोप पोचतो. ऑनडान्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही औषधं तो निरोप वाटेत अडवतात. निरोप एकदा पोचला की अडवण्यासारखं फारसं उरत नाही, म्हणून ती केमो सुरू व्हायच्या आधी देतात.

दुसरी लाट २४ तासांनंतर सुरू होते आणि पाचव्या दिवसापर्यंत चालू शकते. सिस्प्लॅटिनसारख्या केमोच्या औषधात तिचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असतो. तिच्यामागे मुख्यतः सबस्टन्स पी नावाचं वेगळं रसायन असतं. त्यासाठी अॅप्रेपिटंटच्या कॅप्सूल, डेक्सामेथासोन आणि हल्ली ओलान्झापाइन देतात. काकूंचे सोमवार-मंगळवार शांत गेले, कारण केमोच्या वेळी शिरेतून दिलेली औषधं तेव्हा काम करत होती. घरी दिलेल्या गोळ्या पुढच्या दिवसांसाठी होत्या.

म्हणून चिठ्ठी वाचताना एक फरक बघा. गोळीपुढे १-०-१ किंवा १-०-० (सकाळ-दुपार-रात्र) लिहिलं असेल, तर ती ठरलेल्या वेळी, ठरलेले सगळे दिवस घ्यायची, मळमळ असो वा नसो. एसओएस लिहिलं असेल, तर ती त्रास जाणवला की घ्यायची. बहुतेक घरांत सगळ्याच गोळ्या एसओएस समजल्या जातात. आणि एसओएस गोळीसुद्धा मळमळ सुरू होताच घ्यायची. तोंडाला पाणी सुटलं, स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास नकोसा झाला, तीच वेळ. कोरडे उमाळे यायला लागेपर्यंत थांबलात तर गोळी पोटात राहणारच नाही.

अॅप्रेपिटंट बऱ्याचदा तीन कॅप्सूलच्या किटमध्ये येतं: पहिली १२५ मिग्रॅची, पुढच्या दोन ८० मिग्रॅच्या. पहिली केमोच्या तासभर आधी घ्यायची, पुढच्या दोन दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी. लोक किट घेऊन डे केअरला जातात आणि तिथे सिस्टरने विचारल्यावर पाकीट फोडतात. ठाण्याहून टाटा हॉस्पिटलला, म्हणजे परळला किंवा खारघरला, जायचं तर सकाळच्या गर्दीत कधी पोचू याचा भरवसा नसतो. त्यामुळे नेमकी कुठल्या वेळी घ्यायची, हे आदल्या भेटीतच विचारून फाइलवर लिहून घ्या.

पहिल्या वेळची उलटी आटोक्यात राहणं फार महत्त्वाचं असतं, आणि त्याचं कारण पुढच्या सायकलमध्ये, म्हणजे पुढच्या केमोच्या वेळी, दिसतं. एकदा खूप त्रास झाला की मन ते धरून ठेवतं. मग गाडी सायन-पनवेल हायवेवरून खारघरकडे वळली तरी पोटात ढवळायला लागतं, औषधाचा थेंबही गेलेला नसताना. ही मळमळ खरी असते, "मनाचे खेळ" म्हणून घरच्यांनी झिडकारू नये. नेहमीच्या उलटीच्या गोळ्या तिच्यावर फारशा चालत नाहीत. डॉक्टर तिच्यासाठी वेगळं औषध देतात, पण त्यांना कुणी सांगितलं तरच.

"ही तर वेड्यांची गोळी"

ओलान्झापाइनबद्दल हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पाकीट हातात देतानाच बोलते. मुलगी मोबाइलवर नाव शोधते, तिथे स्किझोफ्रेनिया दिसतं, आणि आईला न सांगता गोळी डब्यातून गायब होते. हे औषध मानसिक आजारांवर वापरतात हे खरं, पण केमोच्या मळमळीवर, विशेषतः दुसऱ्या लाटेवर, ते उत्तम चालतं आणि दिलेलं असतं मोजक्याच दिवसांसाठी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्रास होतो तो झोपेचा. गोळी रात्री झोपताना घ्यायची आणि पहाटे बाथरूमला उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसायचं, कारण झटकन उठलं की चक्कर येते. दिवसभर गुंगी राहत असेल तर डॉक्टरांना सांगा. आपल्याच टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इतर तीन औषधांच्या जोडीला दिलेला २.५ मिग्रॅचा डोस उलटी रोखण्यात १० मिग्रॅपेक्षा कमी पडला नाही आणि दिवसाची पेंगही कमी आली. म्हणजे डोस कमी करण्याला जागा असू शकते. पण गोळी घरी सुरीने अर्धी करू नका, तो निर्णय त्यांना घेऊ द्या.

डेक्सामेथासोनचीही अशीच भीती असते, "स्टेरॉइड आहे" म्हणून. ते सकाळी, खाल्ल्यानंतर घ्या. रात्री घेतलं तर डोळ्याला डोळा लागत नाही. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर वाढते, ती मोजत राहा आणि आकडे डॉक्टरांना कळवा.

नावं दोन, औषध एकच

एमसेट, ऑनडेम, व्होमीकाइंड: तिन्ही ऑनडान्सेट्रॉनच. डे केअरच्या फाइलवर एक नाव असतं, फॅमिली डॉक्टर दुसरं लिहून देतात, आणि पेशंट दोन्ही घेतो. पट्टीवरचं मोठं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरातलं वाचा. पॅन-डी घराघरात अॅसिडिटीसाठी चहाच्या आधी घेतात. त्यातला डी म्हणजे डॉमपेरिडोन, उलटीचंच औषध. वर पुन्हा कुणी वेगळी डॉमपेरिडोनची गोळी दिली की दुप्पट झालं.

यात धोका हृदयाच्या ठोक्याचा आहे. ऑनडान्सेट्रॉन आणि डॉमपेरिडोन दोन्ही हृदयाची विद्युत लय बिघडवू शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये ऑनडान्सेट्रॉनचा शिरेतून एकदम द्यायचा ३२ मिग्रॅचा डोस याच कारणासाठी वापरू नये असं जाहीर केलं. गोळीचा नेहमीचा डोस त्यापेक्षा बराच कमी असतो, पण सोबत तोंडातल्या बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल किंवा खोकल्यासाठी अॅझिथ्रोमायसिन चालू असेल आणि उलट्यांनी पोटॅशियम-मॅग्नेशियम उतरलेलं असेल, तर सगळं एकत्र भारी पडतं. छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, चक्कर येऊन पडणं: यातलं काहीही झालं तर पुढची गोळी न घेता थेट हॉस्पिटल गाठा. नवीन कुठलंही औषध सुरू करताना चालू गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटो दाखवा. रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेत असाल तर अॅप्रेपिटंट देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी माहीत हवं. संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणामही अॅप्रेपिटंटमुळे शेवटच्या कॅप्सूलनंतर जवळपास महिनाभर कमी होतो. हे काउंटरवर विचारायला बायका संकोचतात, म्हणून इथे लिहिते.

कपाटातली जुनी पट्टी

बावीस-तेवीस वर्षांची मुलगी, अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. घरी मळमळत होतं म्हणून भावाने कपाटातून कधीची तरी मेटोक्लोप्रमाइडची पट्टी काढली आणि दिवसभरात तीन गोळ्या दिल्या. संध्याकाळी तिची मान एका बाजूला वळली ती वळलीच. डोळे वर लागले, जबडा घट्ट, जीभ आत जाईना. आजीने मीठ-मोहरी ओवाळली, शेजारच्यांनी फिट म्हणून कांदा हुंगवला. भाऊ धावत दुकानात आला, फिटची गोळी मागायला. सुदैवाने पट्टी त्याच्या हातात होती. मी एवढंच विचारलं, "ती बोलतेय का? शुद्धीवर आहे?" तो म्हणाला, "हो, रडतेय." मी पट्टी त्याच्या खिशात कोंबली आणि म्हटलं, रिक्षा कर, कॅज्युअल्टीत जा, ही पट्टी पहिल्यांदा दाखव. तिथे एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळात मान सरळ झाली.

मेटोक्लोप्रमाइडचा हा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे आणि तो लहान मुलांत आणि तरुण मुलींत जास्त दिसतो. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, म्हणून अधिकच घाबरतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये या औषधाला पाच दिवसांची आणि मोठ्या माणसांसाठी दिवसाला ३० मिग्रॅची मर्यादा घातली. पार्किन्सन असलेल्यांना ते देत नाहीत. ओलान्झापाइन चालू असताना तर स्वतःहून अजिबात घेऊ नका, दोघांचा हा परिणाम एकमेकांत मिळतो. प्रोक्लोरपेराझिन या उलटीच्या दुसऱ्या औषधाच्या बाबतीतही हीच काळजी.

ऑपरेशननंतरची उलटी नेहमी भुलीचीच नसते

भुलीचा त्रास बहुतेकांना पहिल्या दिवसभरात होऊन जातो. ज्यांना गाडी लागते, आधीच्या ऑपरेशनला उलट्या झाल्या होत्या, त्यांनी भूलतज्ज्ञांना आधीच सांगावं. ते ऑपरेशन टेबलावरच औषध देतात.

घरी आल्यावर चालू राहणारी मळमळ बऱ्याचदा दुखण्याच्या गोळीची असते, त्यातही ट्रॅमाडोलची. अशा वेळी उलटीची गोळी वाढवत नेण्यापेक्षा फोन करून दुखण्याची गोळी बदलून घेणं शहाणपणाचं. ऑनडान्सेट्रॉनमुळे ट्रॅमाडोलचा गुणही थोडा कमी होतो, म्हणजे पेशंटला दुखतंही आणि मळमळतंही.

पण पोटाच्या ऑपरेशननंतर पोट फुगत चाललंय, वारं सरत नाही, संडास नाही, उलटी हिरवी येतेय, तर घरात एकही गोळी देऊ नका. आतडं अडकलेलं असू शकतं. अशा पोटात मेटोक्लोप्रमाइड गेलं तर ते आतड्याला आणखी जोराने ढकलतं. तोंडाने काही न देता सर्जनला फोन करा आणि निघा.

बारीकसारीक पण रोजचं

जिभेवर विरघळणाऱ्या, एमडी लिहिलेल्या गोळ्या पट्टीतून दाबून काढायच्या नाहीत, मागचा कागद सोलून काढायच्या, कोरड्या हाताने. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत त्या आधीच काढून आठवड्याच्या डब्यात टाकल्या तर दमट होऊन भुगा होतो. घ्यायच्या वेळीच काढा.

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली, किंवा उलटीत गोळी दिसली, तर पुन्हा घ्यायची का ते फोनवर विचारा. उलटीची गोळी बहुतेक वेळा परत घ्यायला सांगतात. केमोची तोंडाने घ्यायची गोळी मात्र विचारल्याशिवाय कधीच परत घ्यायची नाही.

ऑनडान्सेट्रॉनने बऱ्याचदा बद्धकोष्ठ होतं. तीन-चार दिवस संडास नाही झाली की त्यानेच पुन्हा मळमळ वाढते आणि माणूस आणखी एक गोळी घेतो. पहिल्या दिवसापासूनच पोट साफ व्हायचं औषध सोबत विचारून घ्या. केमोनंतर रक्तातल्या पेशी कमी झालेल्या असताना घरी एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची वडी वापरू नका, संसर्गाची भीती असते.

आलं चघळा, कोकम सरबत घोटघोट घ्या, लिंबाची फोड हुंगा, बरं वाटतं, जरूर करा. पण त्याच्या जोरावर १-०-१ मधली गोळी गाळू नका. पाणी ठरत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणातली ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण घाला आणि चमच्या-चमच्याने द्या. अर्धी पुडी पेल्यात टाकून प्रमाण बिघडवू नका. मूत्रपिंड किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती द्यायचं ते आधी विचारा.

आता फोन नको, निघा

२४ तास पाणीही ठरलं नाही, लघवी कमी आणि गडद झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, डोकं असह्य दुखतंय, माणूस असंबद्ध बोलतोय, तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. केमोनंतरच्या दिवसांत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर एकटा तापही पुरेसा आहे. गाडी मिळत नसेल तर १०८ लावा. फाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली हे लिहिलेला कागद सोबत न्या.

काका आता केमोच्या दुसऱ्या दिवशी येतात तेव्हा त्यांच्याकडे शाळेची दोनशे पानी वही असते. तारीख, वेळ, गोळी, समोर बरोबरची खूण. तिसऱ्या सायकलला काकूंना एकच उलटी झाली, चौथ्या दिवशी पहाटे, तीही वहीत आहे. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ती ओळ वाचून एक गोळी आणखी एक दिवस वाढवली.

उपचार संपल्यावर घरात गोळ्या उरतात. त्या शेजारच्या बाळाच्या उलटीसाठी देऊ नका, आणि ओलान्झापाइन नातवंडांच्या हाताला लागेल असं फ्रिजवरच्या टोपलीत ठेवू नका. पट्टी कापून अर्धी राहिली असेल तर नाव आणि एक्स्पायरी बहुतेक वेळा कापलेल्या बाजूला गेलेली असते. कुठलं औषध आहे तेच कळत नसेल, तर ती घरात ठेवू नका.