निगरचं नाणं घेताना चेहरा नको, अक्षरं बघा

इ.स. 193 मध्ये रोमच्या गादीसाठी जुंपली. सेप्टिमियस सेव्हेरस, पूर्वेकडचा पेसेनियस निगर आणि ब्रिटनमधला क्लोडियस अल्बिनस, तिघांनीही आपापल्या नावाचे चांदीचे देनारियस पाडले. संग्रहाची सुरुवात अल्बिनसपासून करा. सेव्हेरसने त्याला आधी 'सीझर', म्हणजे दुय्यम सम्राट, म्हणून मान्यता दिली होती, त्या काळातली रोमच्या टांकसाळीतली नाणी त्यामानाने सहज मिळतात. पुढे दोघांचं बिनसलं, अल्बिनस स्वतःला 'ऑगस्टस', म्हणजे पूर्ण सम्राट, म्हणवू लागला. तेव्हाची लुग्दुनमची, म्हणजे आजच्या लिऑनची नाणी जास्त दुर्मीळ.

खरी जपून पावलं टाकायची ती निगरच्या बाबतीत. त्याची नाणी फार थोडी आणि महाग, म्हणून बनावटही भरपूर. शिवाय पूर्वेकडे पाडलेल्या सेव्हेरसच्या सुरुवातीच्या नाण्यांवरचा चेहरा बराचसा निगरसारखाच दिसतो. तेव्हा दाढीवर भुलू नका. भिंग घ्या, कडेचा लेख अक्षर-अक्षर लावा. 'पेस्क' (PESC, पेसेनियसचं लघुरूप) किंवा 'निगर' (NIGER) स्पष्ट वाचता येत नसेल तर पैसे मोजू नका. कडेला साच्याची शिवण दिसली तर नाणं ओतीव, म्हणजे बनावट, समजा. आणि काळपट थर कृपा करून घासू नका, तो गेला की नाण्याची किंमतही उतरते.