पहिल्यांदा खासदार झालात? दिल्लीला निघण्यापूर्वी

गुलाल धुतला की आधी हिशोबाला बसा. निवडणूक खर्चाचा तपशील निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो, आणि तो चुकवणाऱ्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवता येतं. आमदार असताना लोकसभेवर निवडून आला असाल तर विधानसभेचा राजीनामा १४ दिवसांत द्या. राहिला तर जाते ती खासदारकी, आमदारकी नाही.

निवडणूक प्रमाणपत्राची मूळ प्रत हातातल्या बॅगेत असू द्या. शपथ मराठीत घेता येते. मसुदा आदल्या रात्री एकदा मोठ्याने वाचून बघा, कॅमेऱ्यासमोर अडखळलं की तेवढंच फिरत राहतं. शपथेआधी सभागृहात बसलात किंवा मत दिलंत तर राज्यघटनेच्या कलम १०४ प्रमाणे दिवसाला ५०० रुपये दंड आहे. शपथेनंतर ९० दिवसांत मालमत्ता आणि देण्यांचं विवरण अध्यक्षांकडे जायला हवं.

आता खरं काम. नवे सदस्य पहिल्या भाषणासाठी रात्री जागवतात, माझ्या मते तोच वेळ प्रश्नांवर घालवावा. तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न दिवसाला २० यादीत लागतात, तेही चिठ्ठ्या काढून, आणि प्रश्नोत्तराच्या तासाभरात त्यातल्या मोजक्यांनाच तोंडी उत्तर मिळतं. अतारांकित २३० लागतात. उत्तर लेखी येतं, टाळ्या नाहीत. पण जिल्हावार आकडे मिळतात आणि सरकारला ते पुढे नाकारता येत नाहीत. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशन जाहीर होण्याची वाट न पाहता आत्ताच वहीत पंचवीसेक प्रश्न लिहून काढा: कुठला रस्ता, कुठली योजना, किती मंजूर, किती खर्च. आकड्याची ताकद बघायची असेल तर १९६३ आठवा. पोटनिवडणुकीतून नुकतेच लोकसभेत आलेले समाजवादी नेते राममनोहर लोहिया देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात म्हणाले, सरकार पंधरा आणे म्हणालं, आणि वाद आजही सांगितला जातो.

प्रश्नात न बसणारा स्थानिक विषय लोकसभेच्या नियम ३७७ खाली मांडा. मजकूर २५० शब्दांत आवरायचा. शून्य प्रहराचंही, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेचंही, तंत्र शिकून घ्या.

मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या संसदेच्या स्थायी समित्या २४ आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे २१ जण. आपल्याला कोणती हवी ते पक्षाच्या नेत्याला लवकर सांगा, नाहीतर उरलेली पदरात पडते. बैठका बंद दाराआड होतात, तिथे मंत्रालयांच्या सचिवांना थेट विचारता येतं. सभागृहात हजर राहून कसं मत द्यायचं हे सांगणाऱ्या पक्षादेशाचा (व्हिपचा) कागद आला की तारीख आणि वेळ स्वतः वाचा.

खासदार निधी वर्षाला ५ कोटी. तुम्ही कामं सुचवायची, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. सभामंडपात पैसे जाहीर करण्यापूर्वी नियमात बसतं का ते बघा.

घर, पास, फोन पीएवर सोपवा. प्रश्नांच्या पोर्टलचा पासवर्ड मात्र स्वतःजवळच; लॉगिन दुसऱ्याला दिल्याच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये एका सदस्याला लोकसभेतून काढण्यात आलं.