फादर महिन्यातून दोनदाच येतात? मंग आठवडा असा लावा

आपल्याइकडं बरीच गावं अशी आहेत की पॅरिशचं, म्हणजे एका फादरच्या हाताखालच्या भागाचं, मोठं चर्च वीस-पंचवीस किलोमीटरवर, एसटी सकाळी एक अन् संध्याकाळी एक, आणि गावात आपली कॅथलिक ख्रिस्ती घरं म्हणाल तर बोटावर मोजण्याइतकी. फादर एकटे, त्यांच्याकडं अशी गावं बरीच, वरून शाळा, हॉस्टेल, मिटिंगा. म्हणजे आऊटस्टेशनला, अशा लांबच्या गावात, मिस्सा (फादरनंच करायची भाकर-द्राक्षरसाची उपासना) महिन्यातून एकदा-दोनदाच. अन् मधल्या रविवारी काय, तर लोक म्हणतात फादर नाही तर काहीच नाही, आणि चालले वावरात. माझं म्हणणं सरळ आहे, प्रार्थनेचा आठवडा फादरच्या गाडीवर टांगून ठेवू नका. तो घरात अन् चार घरं मिळून लावता येते, मंग फादर येतात त्या दिवशी मिस्साही वेगळीच होते कारण लोक तयार होऊन आलेले असतात.

सुरुवात रविवारपासून करू नका, शनिवारी संध्याकाळी करा. जेवणाआधी दहा मिनिटं उद्याचं शुभवर्तमान (बायबलातला येशूच्या चरित्राचा उतारा) घरात मोठ्यानं वाचायचं, एवढंच. वाचणारा शक्यतो पोट्टा किंवा पोट्टी, आईबाप ऐकतील. समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका, आपल्यातले काही जण प्रवचन सुरू केलं की पोळ्या गार होईपर्यंत थांबत नाहीत. दोनदा वाचा, कोणाला कोणतं वाक्य आवडलं ते विचारा, आणि जेवा.

कोणतं वाचन हे कसं कळेल, हा प्रश्न सगळ्यात जास्त येते. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, अ वर्ष मत्तय, ब वर्ष मार्क, क वर्ष लूक. सालाला तीननं भाग जाते ते क वर्ष, जसं 2025. बाकी एक उरला तर अ, म्हणून 2026 हे अ, आणि 2027 ब. फक्त लक्षात ठेवा की चर्चचं वर्ष जानेवारीत नाही, आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांच्या) पहिल्या रविवारी सुरू होते, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी नाहीतर डिसेंबरच्या सुरुवातीला, त्या दिवसापासून पुढच्या सालाचं अक्षर धरायचं. मार्क लहान आहे म्हणून ब वर्षात जुलै-ऑगस्टच्या सुमारास पाच रविवार योहानाचा सहावा अध्याय चालते, भाकरीवरचा, अन् आपल्याइकडं तेव्हा निंदण-खुरपण चालू असते, त्या दिवसात भाकरीचं बोलणं लय आत जाते बाप्पा. पॅरिशच्या कॅलेंडरवर सगळी वाचनं छापलेली असतात, तेच भिंतीला लावा. आणि एक, गावातल्या बऱ्याच घरात जे बायबल असते त्यात 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये 73. तोबीत, सिराक, मक्काबी असं काही वाचन आलं आणि सापडलं नाही तर घाबरू नका, तुमची प्रत वेगळी आहे, फादरला कॅथलिक प्रत मागा, निदान गावात एक तरी.

चंद्रपूर, गडचिरोली, वर्धा साइडचे असाल तर तुमचा धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचा भाग) चांद्याचा, सिरो-मलबार म्हणजे केरळकडच्या कॅथलिक पद्धतीचा, तिथं मिस्साला कुर्बाना म्हणतात आणि वाचनांचं कॅलेंडरही वेगळं आहे, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुद्धा बुधवारी नाही सोमवारी सुरू होते. म्हणून वरचा अ-ब-क हिशोब नागपूर आणि अमरावती धर्मप्रांतातल्या लोकांसाठी. नागपूरचा सासरा अन् बल्लारशाहची सून असली की घरात यावर गंमत होते, होऊ द्या.

आता ज्या रविवारी फादर नाहीत तो रविवार. आधी मनातली भीती काढा. चर्चचा कायदाच सांगते की धर्मगुरू नसल्यामुळं किंवा दुसऱ्या गंभीर कारणानं मिस्सा मिळतच नसेल तर पाप नाही, पण मंग वचनाच्या प्रार्थनेला जमा किंवा घरी प्रार्थना करा असा जोरदार सल्ला आहे. अशा प्रार्थनेसाठी रोमनं 1988 मध्ये मार्गदर्शन पण काढलेलं आहे, म्हणजे हे आपल्या गावानं शोधून काढलेलं जुगाड नाही. ठरलेल्या वेळी सगळे जमतात, गाणं, क्षमेची प्रार्थना, वाचनं, स्तोत्र, शुभवर्तमान, मंग फादरनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला विचार कोणीतरी वाचून दाखवते, मतांगीकार (आपला विश्वास सांगणारी प्रार्थना), विनंत्या, हे आमच्या स्वर्गातील बापा, आणि शेवटचं गाणं. पाऊण तासात उरकते. जे करायचं नाही ते पण सांगतो. मिस्सातली भाकर-द्राक्षरसाची मोठी प्रार्थना कोणी म्हणायची नाही, मास्तर कितीही जुने असले तरी नाही, आणि वेदीच्या मागं उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहून चालवायचं. कम्युनियन (मिस्सात पवित्र केलेली भाकर) द्यायचं असेल तर बिशपांची परवानगी असलेली सिस्टर किंवा माणूस लागते, तसा कोणी असेल तर फादरसोबत आधीच ठरवून ठेवा.

विनंत्या छापील वाचू नका, ही माझी हट्टाची गोष्ट आहे. कोणाची बाळंतीण दवाखान्यात आहे, कोणाच्या विहिरीचं पाणी आटलं, कोणाचा पोट्टा पुण्याले कंपनीत लागला, ती नावं घ्या. गावात ख्रिस्ती नसलेला शेजारी आजारी असेल तर त्याचं नाव आधी घ्या.

मधल्या दिवसात रोझरी, माय मरियेची माळेवरची प्रार्थना. रोज पाच रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग) झाली तर उत्तमच, नाही जमलं तर एक दशक, म्हणजे एका रहस्याच्या दहा मण्यांच्या प्रार्थना, पण सगळ्यांनी मिळून. वार असे आहेत, सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची, ही प्रकाशाची पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये सुरू केली म्हणून जुन्या आज्यांना येत नाहीत, त्यांच्यावर जबरदस्ती करू नका, त्या गुरुवारीही आनंदाचीच म्हणतील तर म्हणू द्या, माय मरिया काही हजेरी घेत नाही. कापूस वेचणीच्या दिवसात बाया वावरातच ओळीला लागल्यावर एक दशक म्हणतात, हे मला तर घरातल्या झोपेच्या रोझरीपेक्षा बरं वाटते.

आठवड्यातून एकदा सगळ्या घरांची बैठक ठेवा. बाजाराच्या दिवशी नको, लोक थकून येतात आणि पिशव्यातला भाजीपाला निवडायचा राहते. आणि वावरातल्या पंपाची थ्री फेजची लाईन कोणत्या आठवड्यात रात्रीची आहे ते पाहून वार ठरवा, रात्रीची लाईन असली की माणसं ओलिताले जातात आणि बैठकीत फक्त बाया राहतात, मंग माणसं म्हणतात आम्हाला कोणी सांगतच नाही. घर दर आठवड्याला बदलायचं. चहा ठेवायचा, नाश्ता ठेवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, कारण एकानं आलूबोंडे केले की दुसऱ्याला करावेच लागतात अन् ज्याच्याकडं नाही ते घर बैठक घ्यायलाच नाही म्हणते.

बैठकीत करायचं काय, तर सात पायऱ्यांची पद्धत आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या लुमको संस्थेची, भारतात पण बऱ्याच धर्मप्रांतात छोटे ख्रिस्ती समूह हीच वापरतात. पहिले कोणीतरी साध्या शब्दात प्रभूला बोलावते. मंग उतारा वाचायचा. तिसऱ्या पायरीत ज्याला जो शब्द लागला तो त्यानं मोठ्यानं म्हणायचा, फक्त शब्द किंवा वाक्य, त्यावर भाषण नाही, आणि बाकीच्यांनी थोडं थांबायचं. चौथी पायरी शांत बसायची, तीन-चार मिनिटं. हीच सगळ्यात अवघड जाते, सुरुवातीला कोणी खोकलते, कोणी मोबाइल पाहते, पोट्टे हसतात, तरी सोडू नका. पाचवी, मनाला काय लागलं ते आपापलं सांगायचं, दुसऱ्याच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नाही, खोडायचं नाही, सल्ला तर अजिबात नाही. सहावी पायरी कामाची, या आठवड्यात आपण गावात काय करणार, अन् मागच्या आठवड्यात ठरवलं ते झालं का. सातवी, ज्याला वाटते त्यानं प्रार्थना करायची आणि गाणं म्हणून उठायचं.

सहाव्या पायरीवर जास्त बोलतो, कारण बऱ्याच ठिकाणी तीच गाळतात. चर्चा झाली, डोळे भरून आले, घरी गेले, संपलं. तसं नको. काम लहान ठरवा पण नाव लावून ठरवा. अमक्या बुढ्या मायच्या घराचं छप्पर पावसाआधी शाकारायचं, कोण जाणार, कधी. निराधारची पेन्शन बंद पडली तर तिच्यासोबत तहसीलला कोण जाणार. नवरा दारू पिऊन मारते त्या घरात कोण बोलणार, आणि दोघांनी मिळून जायचं, एकट्यानं नाही. काम झालं नाही तर पुढच्या बैठकीत तसं सरळ सांगायचं, कोणी कोणाला बोल लावायचा नाही, नवीन तारीख घ्यायची.

शुक्रवारचं थोडक्यात. चौदा वर्षांवरच्यांनी शुक्रवारी मटण-चिकन टाळायचं हा नियम जुनाच आहे. पण खरं बोलू, आपल्या घरात शुक्रवारी मटण असतेच कुठं. म्हणून त्यात खर्रा (सुपारी-तंबाखूचा) घाला. शुक्रवारी खर्रा बंद, आणि ते पैसे एका डब्यात, डबा महिन्याअखेर गावातल्या गरजू घरासाठी उघडायचा, मंग ते घर कोणत्या का धर्माचं असेना. राखेचा बुधवार (उपवासकाळ सुरू होते तो) आणि गुड फ्रायडे हे दोन पक्के उपवासाचे दिवस, 18 ते 59 वयाच्या लोकांसाठी, एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडं थोडं. उपवासकाळ आपल्याइकडं हरभरा-गहू काढायच्या अन् मेळघाटात मोहफुलं वेचायच्या दिवसात येते, वरून ऊन. आजारी माणूस, गरोदर बाई, दिवसभर उन्हात मजुरी करणारा, यांनी उपाशी राहून चक्कर यायची वाट पाहू नये, फादरला विचारून दुसरं काही धरावं. क्रुसाची वाट (येशूच्या मरणवाटेवरची प्रार्थना) मात्र उपवासकाळातल्या दर शुक्रवारी जमते, चौदा ठिकाणं, चर्च नसेल तर गावाबाहेरच्या रस्त्यानं कडुनिंबाच्या झाडाझाडाले थांबत गेलात तरी चालते, संध्याकाळी ऊन उतरल्यावर.

आता फादर येणार तो दिवस. चार दिवस आधी एकानं, एकानंच, फोन करून यादी द्यायची. कोण आजारी, कोणाला कन्फेशन (फादरजवळ पापं कबूल) करायचं, बाप्तिस्मा आहे का, लग्नाची बोलणी कुठं चालू आहेत. लग्नाचं तर निदान तीन महिने आधी कळवा, जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर बिशप हाऊसची परवानगी लागते आणि कागद नागपूर-अमरावतीला जाऊन यायला वेळ लागते, पत्रिका छापून झाल्यावर फादरच्या दारात रडण्यात अर्थ नाही.

कन्फेशनसाठी फादरला अर्धा तास आधी बोलवा, मिस्साच्या ऐन वेळी रांग लागली की दोन्ही घाईत होते. निदान वर्षातून एकदा गंभीर पापं सांगायचीच असा नियम, पण महिना-दोन महिन्यांनी केलेलं बरं. आदल्या रात्री शांत बसून आठवा, लागलं तर चिठ्ठीवर लिहा आणि नंतर चुलीत टाका. तिथं गेल्यावर आपलंच सांगा, सासूचं नाही, भाऊबंदांच्या धुऱ्याच्या भांडणाचा इतिहास तर नाहीच. काय केलं, साधारण कितीदा, आणि वाईट वाटते, एवढं पुरते. आपले बरेच फादर केरळ, झारखंड, गोवा, वसई असे कुठून कुठून आलेले, वऱ्हाडी भरभर बोललं तर त्यांच्या डोक्यावरून जाते, हळू बोला. कोरकू किंवा गोंडीतच बोलणाऱ्या आजीसाठी ती भाषा येणारे फादर कधी येतात ते विचारून ठेवा. आणि बाहेर थांबलेल्यांनी लांब थांबा, खुर्ची झाडाखाली असली तर आवाज जाते, बैल हाकलायच्या बहाण्यानं जवळ जाणारे पण असतात.

आजाऱ्यांचं एक फार महत्त्वाचं. तेल लावायला फादरला बोलावलं म्हणजे माणूस चालला, हा समज गावातून काढून टाका. हा संस्कार मोठा आजार, मोठं ऑपरेशन, म्हातारपणाची कमजोरी यासाठी आहे, अन् पुन्हा पुन्हा घेता येते. शुद्ध हरपल्यावर रात्री दोनला फोन करण्यापेक्षा माणूस बोलताचालता आहे तेव्हा बोलवा. अन् बाळ जन्मलं, जगते का नाही अशी वेळ आली, फादर लांब, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकते, नर्सबाई सुद्धा. डोक्यावर पाणी ओतत बाळाचं नाव घेऊन म्हणायचं, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो. बाळ वाचलं की फादरला कळवा, ते नोंद करतील आणि राहिलेला विधी करतील, पाणी परत नाही ओतत. हे गावात निदान चार बायांना पाठ पाहिजे, विशेषतः पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन रस्ता बंद होते तिथं.

पोट्ट्यांच्या धर्मशिक्षणाला रविवारच्या प्रार्थनेनंतर अर्धा तास भरपूर झाला. पाठांतर हवं, प्रार्थना तोंडपाठ असल्याशिवाय म्होरं काय करणार, पण नुसतं तेच नको. ढोलक, टाळ, हार्मोनियम त्यांच्या हाती द्या, वाचन त्यांना करू द्या, चुकले तर हसू नका. वयात आलेली पोरं येत नाहीत म्हणून ओरडत बसण्यापेक्षा त्यांच्यावर स्पीकर, मोटारसायकलवरून म्हाताऱ्यांना आणायचं, यादीचा फोन अशी कामं सोपवा, कामाच्या निमित्तानं येतात अन् टिकतात.

पैशाचं शेवटी. दानपेटी दोघांनी मिळून उघडायची, रक्कम वहीत लिहायची, महिन्याचा हिशोब प्रार्थनेनंतर वाचून दाखवायचा, वही कोणालाही पाहू द्यायची. ज्याच्याकडं रोकड नाही त्यानं पायलीभर ज्वारी, थोडी तूर, हंगामाचा पहिला कापूस द्यावा, तो विकून आलेले पैसे त्याच्याच नावानं लिहा. हिशोबावरून फुटलेली गावं प्रार्थनेवरून फुटलेल्या गावांपेक्षा जास्त असतील.

हे सगळं एकदम सुरू करू नका. आता सोयाबीन सोंगणी चालू असेल तर फक्त शनिवारचं वाचन धरा, घरातल्या घरात. दिवाळी झाली की दोन-तीन घरं मिळून बैठक सुरू करा, आगमनकाळापर्यंत चार बैठका झाल्या तरी बस. रविवारची प्रार्थना चालवायला दोन माणसं आणि दोन बाया तयार झाल्या की मंगच फादरला सांगा की मधले रविवार आम्ही सांभाळतो, आणि त्यांच्याकडून पुस्तिका अन् महिन्याचे विचार आधीच मागून घ्या, कारण रविवारी सकाळी नेटवर्क असेलच असं नाही.