खान्देशातून वाईन द्राक्षाच्या लाईनीत येताय? मग ब्रिक्सच्या आधी पीएच बघा

बीएस्सी ॲग्री झालं की आपल्याकडची पोरं खताच्या कंपनीत नाहीतर केळीच्या टिश्यू कल्चरमधे जातात, वाईन द्राक्षात जातो म्हटलं की घरचे फक्त वाईन एवढंच ऐकतात. ते तुमचं तुम्ही निस्तरा. छाटण्या, डाऊनी-भुरीसारखे रोग, खुंट (ज्या मुळावर कलम करतात तो) हे येतंच असं धरून पुढचं लिहितोय. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा, पीएच म्हणजे आम्लाचा, तो जितका कमी तितका रस आंबट.

नाशिककडं गेलात की कोणीतरी म्हणेलच, "तुमच्याकडं 45 डिग्री, तिथं कसली वाईन?" म्हणू द्या. 45 असतं मे महिन्यात, आणि मेमधे वेलीवर घडच नसतो भाऊ, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत सूक्ष्म घडनिर्मिती, म्हणजे पुढच्या घडांची डोळ्यातली तयारी, चालू असते. घड येतो ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर आणि पिकतो जानेवारी ते मार्चमधे. म्हणून बघायचं ते मण्यात पाणी उतरल्यापासून, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यापासून, तोडणीपर्यंतचं तापमान, त्यातही रात्रीचं. जळगाव साधारण 200 मीटर उंचीवर, नाशिक 600 च्या आसपास, एवढ्या फरकानं हवा दोन-अडीच डिग्रीनं बदलते, आणि फेब्रुवारी सरता सरता तापीकाठी ऊन कसं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. साक्री-पिंपळनेरकडं चढत गेलात की गणित जरा बरं होतं.

आता ते, ज्यानं मला गंडवलं. रिफ्रॅक्टोमीटर, रसातली साखर मोजायचं यंत्र.

रस टाकला, 23 ब्रिक्स दिसलं, झालं, माल तयार! टेबल द्राक्षात, म्हणजे खायच्या द्राक्षात, एवढ्यावर बरंच भागतं. वाईनला नाही भागत. मण्यात मुख्य आम्लं दोन, टार्टरिक आणि मॅलिक. उष्णता वाढली की वेल मॅलिक जाळत सुटते, टार्टरिक त्यामानानं टिकतं. रात्र गार असली तर हे जळणं मंदावतं, रात्र पण ऊबदार राहिली तर चोवीस तास चालू. म्हणजे आपल्याकडं साखर झपाट्यानं चढते आणि आम्ल त्याहून झपाट्यानं उतरतं, रिफ्रॅक्टोमीटर तुम्हाला फक्त साखर दाखवतो आणि तुम्ही खूश. पांढऱ्या वाईनला रसाचा पीएच साधारण 3.1 ते 3.4 आणि लालला 3.3 ते 3.6 मिळाला तर वाईनमेकर बोलत नाही. 3.9 घेऊन गेलात तर बोलतो, आणि त्याचं बरोबर असतं, कारण पीएच चढला की वाईन टिकवायला घालतात त्या सल्फर डायऑक्साईडचा जोर कमी पडतो, बॅक्टेरिया माजतात, लाल रंग मळकट होतो आणि चव पांचट.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण दुसरा हात जमिनीचा. आपली काळी जमीन पोटॅशनं मुळातच भरलेली, त्यात शेत जुन्या केळीचं असलं, रावेर-यावलकडं असतात तसलं, तर वर्षानुवर्षं ओतलेला पोटॅश आणखी. वेल तो उचलते, मण्यात नेते, तिथं तो टार्टरिकला धरतो आणि पीएच वर ढकलतो. म्हणजे जे आम्ल उन्हातून वाचलं होतं ते जमिनीनं खाल्लं. तरी सल्लागार येतो आणि मण्याच्या फुगवणीसाठी ड्रिपमधून पोटॅश सोडायला सांगतो, कारण त्याचं सगळं शिक्षण टेबल द्राक्षातलं! माझं स्पष्ट मत आहे, जो देठ परीक्षणाचा (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासतात त्याचा) रिपोर्ट न मागता खताचं शेड्यूल लिहून देतो त्याच्या मागं फिरू नका, मग तो कितीही मोठा असो.

काळ्या जमिनीचं अजून एक. ती पाणी धरून ठेवते, वेल माजते, पानांचं जंगल होतं, आणि सावलीतल्या घडाचा पीएच आणखीच चढतो. त्यात डॉगरिजसारखा जोरदार खुंट असला तर बघायलाच नको. म्हणून जागा बघताना वरची काळी माती हातात घेऊन वाह वाह करू नका, चांगला खोल खड्डा घ्या, खाली मुरूम किती फुटावर लागतो, चुनखडीचे खडे आहेत का, पाणी निचरतं का बघा. टेकडीच्या उतारावरची, शेजारचे ज्याला बरड म्हणून नाक मुरडतात ती जमीन वाईनला बऱ्याचदा जास्त चांगली.

घाबरून जायचं कारण नाही, उपाय आहेत. जातींमधे पांढऱ्या वाईनचं शेनिन ब्लांक आम्ल बऱ्यापैकी धरून ठेवतं, लालचं शिराज उष्णता सोसतं. ओळी उत्तर-दक्षिण ठेवा, पानं विरळ करायची तर पूर्वेकडची करा, पश्चिमेकडं हात लावलात तर दुपारच्या उन्हात मणी भाजतात. तोडणी पहाटेच उरका. टार्टरिक वरून घालता येतं, गरम देशांत सर्रास घालतात, पण त्याच्या भरवशावर बाग लावणं मला पटत नाही.

ऑनलाईन सर्टिफिकेट कोर्सचं विचारतात बरेच जण. करा, वाईट नाही. पण जानेवारी ते मार्च एखाद्या वायनरीत हार्वेस्टला मिळेल ते काम पकडा, क्रेट धुवायचं असलं तरी. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं साहित्य वाचा, ते आपल्या हवामानाचं आहे, फ्रान्सचे व्हिडिओ नंतर.

आणि पीएच मीटर वापराल तेव्हा आधी 4 आणि 7 च्या बफरनं (पीएच ठरलेला असतो त्या द्रावणानं) जुळवून घ्या. मणी एकाच बाजूचे तोडू नका, उन्हाचे-सावलीचे, घडाच्या वरचे-खालचे असे मिसळून घ्या आणि सालीसकट चांगले चुरडा, सालीत पोटॅश जास्त असतो, नुसता हलका रस पिळलात तर आकडा खोटाच चांगला येतो.