पार्किन्सन्सचा थकवा आणि निसटणारं लक्ष: दिवस कसा आखावा

हात थरथरतो ते सगळ्यांना दिसतं. आंघोळीनंतर शर्टाची दोन बटणं लावून माणूस पलंगावर नुसता बसून राहतो, ते मात्र घरच्यांना आळस वाटतं. पार्किन्सन्सच्या जवळपास निम्म्या रुग्णांना असा थकवा येतो, काहींना तर कंप सुरू होण्याआधीपासूनच. "जरा मनावर घ्या" म्हटल्याने तो जात नाही.

सुरुवात वहीपासून करा. आठवडाभर गोळीची वेळ, जेवणाची वेळ, थकवा कधी आला आणि डुलकी कधी लागली एवढं लिहा. थकवा आणि झोप वेगवेगळी मांडा. अंग गळून गेलंय पण डोळा लागत नाही, तो थकवा. पेपर वाचता वाचता मान खाली जाते, ती झोप. दोन्हींची कारणं निराळी असू शकतात. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा असर ओसरू लागला, की पुढच्या गोळीआधी बरेच जण गळून जातात आणि विचारही मंदावतो. वहीत असं दिसलं तर डॉक्टर गोळ्यांच्या वेळा बदलू शकतात. आपल्या मनाने डोस वाढवू नका, एकदम बंद तर मुळीच करू नका.

मग गोळी आणि ताट यांचं जमवा. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यातून एकाच वाटेने रक्तात जातात, त्यामुळे तिथे गर्दी झाली की गोळी मागे पडते. ती जेवणाआधी अर्धा ते एक तास, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. मटकीच्या उसळीवर लगेच नको. मळमळत असेल तर सोबत मूठभर चुरमुरे चालतील. डाळ-दूध बंद करण्याचा उत्साह मात्र नको, त्याने अशक्तपणाच वाढेल.

थकव्याचं सगळं खापर पार्किन्सन्सवर फोडू नका. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. रक्तदाब आधी बसून आणि मग उभं राहिल्यावर ३ मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगा. उदासी, रात्री झोपेत ओरडणं, लाथा झाडणं हेही सांगा. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही पार्किन्सन्सची औषधं चालू असतील तर कधी कधी अचानक झोप लागते. तसं होत असेल तर गाडीची किल्ली बाजूला ठेवा. कंपासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने वयस्कर माणसांत विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो, तेव्हा त्याबद्दल आवर्जून विचारा. एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर लघवीचा संसर्गही असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

आता लक्षाचं. चालणं, बटण लावणं आपण सवयीने करतो. पार्किन्सन्समध्ये त्यालाही लक्ष पुरवावं लागतं, मग इतर गोष्टींना उरतं थोडं. चहाचा कप घेऊन चालणाऱ्या आजोबांना मागून कोणी "लाईट बिल भरलं का?" विचारलं, की एकतर पाय अडतात नाहीतर चहा सांडतो. थांबायचं, कप ठेवायचा, उत्तर द्यायचं, मग चालायचं. घरच्यांनीही समोर येऊन एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी. रुग्णाचं वाक्य आपणच पूर्ण करून टाकायची घाई सगळ्यांनाच होते, तेवढी आवरा. बँकेची कामं, फॉर्म भरणं हे गोळीचा असर चांगला असतानाच, टीव्ही बंद करून उरकावं.

दाढी, आंघोळ, कपडे सलग करू नका, मध्ये टेका. आंघोळ स्टुलावर बसून करा. दुपारची झोप तीनच्या आत, गजर लावून, २०-३० मिनिटं पुरे.

थकलेल्याला व्यायाम सांगणं विचित्र वाटेल, पण नियमित व्यायामाने थकवा कमी होऊ शकतो. गोळीचा असर असताना दहा मिनिटं चालण्यापासून सुरुवात करा, तोल जात असेल तर सोबत कोणाला तरी घ्या. एकट्याने कंटाळा येत असेल तर पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे हे सगळं भोगलेली माणसं भेटतात.