जेम बफरचा रेफरन्स नेमका केव्हा सोडायचा

लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये जेमचा (ग्राफिक्सची मेमरी सांभाळणाऱ्या कर्नलमधल्या व्यवस्थेचा) बफर वेळेआधी मोकळा होऊन कर्नल कोसळला की एक सल्ला हमखास मिळतो: "एक गेट जास्त टाकून बघा." गेट म्हणजे बफरचा रेफरन्स घेणं, त्याने काउंट एकाने वाढतो. पुट म्हणजे तो सोडणं. काउंट शून्य झाला की बफर मोकळा. जास्तीच्या गेटने कोसळणं थांबतं खरं. पण मग तो बफर कधीच मोकळा होत नाही, मेमरी हळूहळू गळत राहते आणि मूळ चूक होती तिथेच राहते. मी हा सल्ला पाळून बघितला आहे. त्यातून सुटका झाली नाही, म्हणून हा लेख.

तुम्हाला कर्नल बांधता येतो, कासान (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू केलेलं आहे आणि लॉकडेपचे (लॉकच्या चुका पकडणाऱ्या साधनाचे) इशारे वाचता येतात, हे गृहीत धरते. फंक्शनांची नावं लिहिताना सुरुवातीचा 'डीआरएम जेम' हा भाग गाळला आहे.

१. धारकांची यादी करा

कोडला हात लावण्याआधी कागदावर लिहा: हा बफर जिवंत ठेवण्याचा हक्क कोणाकोणाला आहे? साधारण सहा जण निघतात. हँडल (बफरसाठी प्रोग्रामला दिलेला आकडा), फ्रेमबफर (पडद्यावर दाखवायचं चित्र), एममॅप केलेला पट्टा (प्रोग्रामच्या पत्त्यांत जोडलेली मेमरी), डीएमए-बफ (बफर दुसऱ्या ड्रायव्हरला किंवा प्रोग्रामला देण्याची सोय), जीपीयूवर चालू असलेलं काम आणि तुमच्या फंक्शनमधला साधा लोकल पॉइंटर. प्रत्येकासमोर गेट कुठे होतो आणि पुट कुठे होतो ते लिहा. पुटचा रकाना रिकामा राहिला तर गळती आहे. एका गेटसमोर दोन पुट दिसले तर बफर कोणाच्या तरी हातात असतानाच मोकळा होणार आहे. यादीतला शेवटचा धारक, लोकल पॉइंटर, लोक लिहीतच नाहीत. मला सापडलेले निम्म्याहून अधिक बग त्याच्यापाशीच होते.

२. ऑब्जेक्ट तयार करा

ऑब्जेक्ट म्हणजे बफरचं कर्नलमधलं रूप. त्याचा काउंट १ पासून सुरू होतो आणि तो एक तुमच्या लोकल पॉइंटरचा. शक्य असेल तिथे शेअर्ड मेमरीचे तयार हेल्पर वापरा.

३. हँडल द्या, आणि इथे थांबून विचार करा

जेम २००८ साली २.६.२८ कर्नलमध्ये आलं, तेव्हापासून ही पायरी वरवर फार सोपी दिसत आली आहे. ऑब्जेक्ट तयार करायचा, हँडल-क्रिएट बोलवायचं, मग स्वतःचा रेफरन्स पुट करायचा. ऑब्जेक्ट आता हँडलच्या आधारावर जगतो. इथपर्यंत सगळं बरोबर आहे.

मी एका डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये अगदी असंच लिहिलं होतं. पुट केल्यावर पुढच्या ओळीत ऑब्जेक्टमधला आकार वाचून तो आयऑक्टलच्या (प्रोग्रामने ड्रायव्हरला केलेल्या मागणीच्या) उत्तरात भरला होता. कित्येक महिने काही बिघडलं नाही. मग एका चाचणीत कासानचा अहवाल आला: मोकळ्या केलेल्या मेमरीतून वाचन. कासान तीन गोष्टी दाखवतं: वाचलं कोणी, मेमरी घेतली कोणी आणि सोडली कोणी. सोडणाऱ्याच्या जागी हँडल बंद करणारा आयऑक्टल स्पष्ट दिसत होता. मी तो पुरावा बाजूला सारला. कारण मनात पक्कं होतं की माझा आयऑक्टल अजून परतलेलाच नाही, हँडलचा आकडा प्रोग्रामला कळलेलाच नाही, मग तो बंद कोण करणार? तीन आठवडे मी एममॅपच्या कोडमध्ये चूक शोधत बसले.

आकडा कळण्याची गरजच नसते. हँडल म्हणजे त्या फाइलपुरते १ पासून दिले जाणारे छोटे पूर्णांक. तीच डिव्हाइस फाइल वापरणारा दुसरा थ्रेड १, २, ३, ४ असे आकडे बंद करत बसला तर त्यातला एक तुमचा असणारच. हँडल-क्रिएटच्या आत तक्त्यात नोंद झाली की त्या क्षणापासून तो आकडा साऱ्यांसाठी वैध असतो, तुम्ही तो युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या प्रोग्रामला) परत दिला असो वा नसो. दुसऱ्या थ्रेडने हँडल बंद केलं की हँडलचा रेफरन्स गेला, आणि तुम्ही तुमचा आधीच सोडून बसला आहात. काउंट शून्य, ऑब्जेक्ट मोकळा, तुमचा पॉइंटर मात्र अजून तिथेच बोट दाखवतोय.

म्हणून माझा नियम ठाम आहे: लोकल रेफरन्सचा पुट हा त्या ऑब्जेक्टशी तुमचा शेवटचा व्यवहार. त्यानंतर त्या पॉइंटरला हात लावायचा नाही, आकार वाचायलासुद्धा नाही, डीबग छापायलासुद्धा नाही. हँडल-क्रिएट फसलं तरीही पुट करायचाच, कारण तो रेफरन्स तुमचा आहे. हँडल-क्रिएट स्वतःने घेतलेलं स्वतः परत करतं. त्यामुळे पुट 'जर-तर'च्या बाहेर ठेवा.

याच चुकीचा एक वेष जास्त फसवा आहे. 'तयार करा आणि हँडलही द्या' असं एक फंक्शन लिहिलं जातं, ते आतच पुट करतं आणि वर ऑब्जेक्टचा पॉइंटर परत देतं. बोलवणाऱ्याला वाटतं पॉइंटर मिळाला म्हणजे रेफरन्सही मिळाला. व्हीजेम, पॅनफ्रॉस्ट, व्हर्टिओ-जीपीयू अशा जाणत्या लोकांनी लिहिलेल्या ड्रायव्हरांमध्येही हँडल देतानाची ही थ्रेडांमधली शर्यत सापडली आणि दुरुस्त करावी लागली. असं फंक्शन लिहायचंच असेल तर त्याने फक्त यश-अपयशाचा आकडा परत द्यावा.

आणखी एक इशारा. रेफरन्स धरून ठेवल्याने ऑब्जेक्ट मोकळा होत नाही, पण तो अर्धवट असेल तर अर्धवटच दुसऱ्याच्या हाती लागतो. दुसरा थ्रेड हँडल बंदच करेल असं नाही. तो लुकअप करून (आकड्यावरून ऑब्जेक्ट शोधून) बफर वापरायलाही घेईल. फ्लॅग, लेबल, जीपीयूच्या पत्त्यांची जोडणी, सगळं हँडल-क्रिएटच्या आधी पुरं करा.

काउंट वाचून निर्णय घ्यायचा सल्लाही कानाआड करा. "काउंट १ असेल तर आपल्याशिवाय कोणी नाही" हे वाक्य, वाचन आणि कृती यांच्या मधल्या क्षणात खोटं ठरू शकतं.

४. लुकअप आणि एममॅप

ऑब्जेक्ट-लुकअप लॉकखाली रेफरन्स घेऊनच पॉइंटर देतं. काम झालं की पुट, चुकीच्या वाटांवरही. एममॅपचे गेट-पुट पट्टा उघडताना आणि बंद करताना होतात, फोर्कची (प्रोग्रामची प्रत निघण्याची) काळजीही त्यातच घेतलेली आहे. तयार फंक्शन वापरा आणि पुढे जा. पण तुम्ही स्वतःचा तक्ता ठेवला असेल आणि त्यात रेफरन्स न घेता नुसते पॉइंटर असतील, तर एममॅपमधला शोध आधी वाचा. तिथे लॉक धरून 'शून्य नसेल तरच गेट' केलं जातं, आणि ऑब्जेक्ट नष्ट करणाऱ्यालाही तक्त्यातून नाव काढताना तेच लॉक लागतं. ही दोन्ही अर्धी नसतील तर तुमचा तक्ता असुरक्षित आहे. शून्यावर साधा गेट केलात तर २०१७ पासूनचा रेफकाउंट (काउंट ठेवण्याचा कर्नलमधला प्रकार) इशारा छापेल. तो इशारा बंद करायचा मार्ग शोधू नका.

५. डीएमए-बफ: दोन वेगळे काउंट

२०१२ साली ३.३ कर्नलमध्ये आलेल्या डीएमए-बफला स्वतःचा वेगळा काउंटर नाही. तो एक फाइल आहे आणि फाइलचा काउंट तोच त्याचा काउंट. निर्यात केलेला डीएमए-बफ जेम ऑब्जेक्टचा रेफरन्स धरतो. पुन्हा निर्यात करताना तोच हाती यावा म्हणून ऑब्जेक्टही डीएमए-बफचा रेफरन्स धरतो. दोघं एकमेकांना धरून बसले तर कोणीच सुटणार नाही. हे वर्तुळ तोडण्यासाठी ऑब्जेक्टमध्ये दुसरा आकडा असतो: हँडल-काउंट. पहिलं हँडल तयार होताना एक रेफरन्स घेतला जातो. शेवटचं हँडल गेलं की तो सुटतो आणि त्याच वेळी ऑब्जेक्टने डीएमए-बफवरची पकडही सोडलेली असते. डिस्क्रिप्टर (त्या उघड्या फाइलचा आकडा) कोणाकडे उघडा असेल तर बफर पुढेही जगतो. हे दोन आकडे डोक्यात वेगळे ठेवा. हँडल म्हणजे रेफरन्स नव्हे.

डिस्क्रिप्टर देतानाही तिसऱ्या पायरीचीच गोष्ट आहे. तो तक्त्यात बसला की दुसरा थ्रेड बंद करू शकतो. बसवणं सर्वात शेवटी.

आयातीत दोन ठिकाणी लक्ष ठेवा. आपल्याच डिव्हाइसने निर्यात केलेला बफर परत आला तर नवा ऑब्जेक्ट बनवायचा नाही, जुन्याचाच गेट करायचा. आणि एकाच फाइलमध्ये तोच बफर दोनदा आयात केला तर दोन्ही वेळा हँडलचा एकच आकडा मिळतो. तो एकदा बंद केला की दोघांसाठी बंद. ही मोजणी कर्नल करत नाही, ती युजरस्पेसने करायची. या तक्रारी घेऊन लोक ड्रायव्हरवाल्यांकडे येतात, तेव्हा हेच समजावून सांगा.

६. जीपीयूचं काम संपेपर्यंत

काम रांगेत टाकताना त्यातल्या प्रत्येक बफरचा रेफरन्स त्या कामानेच धरला पाहिजे. फेन्स (जीपीयूचं काम संपल्याची खूण) ऑब्जेक्टला जिवंत ठेवत नाही. टीटीएम (ग्राफिक्स मेमरी सांभाळणारी आणखी एक व्यवस्था) चालू फेन्स असलेल्या बफरचा नाश पुढे ढकलतं, साध्या जेममध्ये ती सोय धरून चालू नका.

पुट मात्र फेन्सच्या कॉलबॅकमध्ये करू नका. तिथे फेन्सचं लॉक धरलेलं असतं आणि इंटरप्ट बंद असतात. ऑब्जेक्ट मोकळा करणाऱ्या फंक्शनला म्युटेक्स लागू शकतो, म्हणजे झोपावं लागू शकतं, आणि तिथे झोपणं चालत नाही. एरवी हे लपून राहतं, कारण हँडल उघडं असेपर्यंत तो पुट शेवटचा नसतो. प्रोग्रामने काम टाकून लगेच हँडल बंद केलं की उघडं पडतं. जीपीयू शेड्युलरच्या 'फ्री-जॉब'मध्ये पुट करा, किंवा वर्कक्यूवर (नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाका.

७. तपासा

एका थ्रेडमध्ये बफर तयार करा, निर्यात करा, काम टाका. दुसऱ्यात त्याच फाइलवर १ ते १०० हँडल सतत बंद करत राहा. सुरू करण्यापूर्वी डीबगएफएसमधल्या (कर्नलची तपासणीची माहिती दाखवणाऱ्या फाइलींमधल्या) डीएमए-बफच्या बफइन्फोची, म्हणजे जिवंत डीएमए-बफच्या यादीची, नोंद करून ठेवा. कासान आणि लॉकडेप चालू ठेवून चाचणी रात्रभर चालवा. सकाळी दोन्ही गप्प असतील आणि चाचणी थांबवल्यावर बफइन्फोची यादी आदल्या संध्याकाळइतकीच असेल, तर पॅच पाठवा.